डाव्या पायाचा अंगठा

मंगळवार, सव्वादहा, बॅटलीचा दवाखाना.
एव्हरिल सग्डन मोजे काढते, एकात एक घालून गुंडाळते.
मी दिवा खाली ओढते आणि तिचा डावा पाय
मांडीवरच्या टॉवेलवर घेते.

अंगठ्याचं नख काळं, जाड, शिंगासारखं.
"हे सदुसष्ट सालचं,"
बरणीवरची चिठ्ठी वाचावी तसं ती सांगते.
ड्यूजबरीच्या बसवर तिकिटं फाडणाऱ्या एका बाईने
बुटाच्या टोकाने दिलेलं.
मैदान कसलं, खाटिकखान्यामागचं कुरण.
क्लबांच्या हिरवळीवर बायकांच्या फुटबॉलला तेव्हा बंदी,
म्हणून गोलचे खांब म्हणजे दुधाचे कॅन,
रेफरी म्हणजे कुणाचा तरी काका,
आणि मध्यंतर म्हणजे आत शिरलेल्या गाई हाकलणं.

क्रिकेटला बंदी नव्हती.
क्रिकेटला नुसतं कुणी विचारत नव्हतं.

मी कानस फिरवते. नखाची पांढरी भुकटी पडते.
ती गिरणीबद्दल बोलू लागते, विचारलं नसताना:
कुठून कुठून जुन्या लोकरी चिंध्या इथे यायच्या,
पिंजून, कातून त्यांचं पुन्हा कापड व्हायचं.
हिचं काम बटणं तोडायची, शिवणी उसवायच्या.
मेलेल्या माणसांचे कोट, सैनिकांचे कोट,
एकदा खिशात कवळी.
"आठ तास शिवण चाचपायची, आणि संध्याकाळी
चेंडू हातात आला की तीच बोटं, तीच शिवण.
आत वळवू की बाहेर, ते त्यांनाच ठाऊक.
मला कुणी शिकवलं नाही."

देशाच्या संघाचं पत्र आलं तेव्हा
सोबत खर्चाचा कागदही आला.
प्रवास आपला, ब्लेझर आपला, स्कर्ट आपणच शिवायचा,
त्याची लांबी किती, तेही छापलेलं.
मुकादम म्हणाला, जा,
पण जागा धरून ठेवणार नाही.
गेली. पाच महिने न्यूझीलंड.
चार कसोट्या, एकशे एकतीस धावा, अकरा बळी.
परतली तर जागा गेलेली, आईचं खुब्याचं हाड मोडलेलं,
आणि दारात दूधवाल्याचं थकलेलं बिल.

फुटबॉलची बंदी उठली
त्याच वर्षी तिचा गुडघा बसला.
हे सांगताना ती हसते.
मी हसत नाही, माझ्या हातात पातं आहे.

"सगळं येणाऱ्याला तुमच्यात काय म्हणतात?"
अष्टपैलू, मी सांगते. आठ पैलूंचा, हिऱ्यासारखा.
"आठ?" ती बोटांवर मोजू लागते:
बॅट, बॉल, स्लिपमधले झेल, डावी विंग, कॉर्नर किक,
मग जरा थांबून, आईची आंघोळ.
सातव्याला अडते.
उजव्या हाताची दोन बोटं एका झेलापासून वाकडी,
उघडतच नाहीत.
ती मोजायची की सोडायची,
यावर आमचं एकमत होत नाही.

सांगलीला मोठ्यांच्या पाया पडताना
मी पाय असा कधी पाहिलाच नव्हता.
वाकायचं, बोटं टेकवायची, उठायचं.
इथे दिवसाला बारा जणांचे पाय, हातमोजे घालून,
आणि नोंदवहीत लिहायचं:
टाच भेगाळलेली, संवेदना ठीक, नखाची इजा जुनी.
'जुनी'च्या पुढे आज मी थोडी जागा सोडते.

मलम लावून होतं. कापसाचा एक बोळा जमिनीवर पडलेला.
मी वाकणार, तेवढ्यात ती खुर्चीतूनच
अनवाणी डाव्या पायाने त्याला टोला देते.
बोळा डब्याच्या कडेला लागतो, बाहेर पडतो.
"खांब," ती म्हणते,
आणि मोज्यांची गुंडाळी उलगडू लागते.